दोन खोडांमधली फट

नख आत गेलं. एवढंच झालं होतं. संध्याकाळी सासूबाईंना घरी न्यायला बागेत गेले, त्या बाकावरून उठायला नेहमीसारखा वेळ लावत होत्या, म्हणून मी झाडाला टेकले आणि हात सहज वर गेला तो नेमका जिथे एका खोडाची दोन खोडं होतात त्या बेचक्यात. साल तिथे आत दुमडलेली असते हे मला ठाऊक आहे. पण अंगठा सालीवरून फिरता फिरता एका ठिकाणी नख आत घुसलं आणि घुसतच गेलं. मी दिवसभर कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेण बसवायचं, दात रचायचे, आणि प्रत्येक साच्यावरून डोळे मिटून नख फिरवायचं, कारण तडा डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो. ही सवय बागेत गेल्यावर सुटते थोडीच. नखाला लागलं ते सालीची घडी नव्हती, तडा होता. ‘‘काय चाचपतेस?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘काही नाही, मुंगी होती,’’ मी म्हटलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं, जरा जास्तच जोरात. रस्ताभर त्या दंड चोळत चालल्या.

ते झाड माझ्या नवऱ्याचं आहे. म्हणजे नगरपालिकेचं आहे, त्याच्या नावानं लावलेलं आहे. हा फरक मला कुणी समजावून सांगायला नको, स्मृतिवृक्षांचे नियम मला पाठ आहेत. जमिनीलगत एक पितळी पट्टी, तिच्यावर नाव आणि जन्म-मृत्यूची दोन सालं. फुलं ठेवायची नाहीत, दिवा लावायचा नाही, दोरा बांधायचा नाही, कुंपण घालायचं नाही, आणि आपल्या हातानं त्याची एक काडीसुद्धा छाटायची नाही. माणूस गेला तो तुमचा, झाड मात्र शहराचं. आणि माझा नवरा गेला तो झाडामुळेच. हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं, ते दाबतात, मग कसनुसं तोंड करतात. बसथांब्यावर उभा होता, वरून फांदी आली. त्या फांदीची तक्रार झालेली होती. पण पाखरांच्या विणीचे महिने चालू होते आणि त्या महिन्यांत छाटणी करायची नाही असा नियम आहे. चांगला नियम आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं ठरलं होतं, तेवढी फांदी थांबली नाही. मी त्या वेळी फोनवर होते. येताना काय आणायचं ते सांगत होते, आणि तो म्हणाला, ‘‘थांब हं, एक मिनिट.’’ मग एक आवाज आला. मोठा नाही, आमच्या कामात साचा उघडताना प्लास्टर दगा देतं तेव्हा येतो तसला. त्यानंतर बराच वेळ फोन चालूच होता आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून थांबले होते, कारण तो थांब म्हणाला होता.

त्याच्या नावानं झाड लावायचं सासूबाईंनी काढलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं जग सोडून झाडच? पण त्या हट्टाला पेटल्या की पेटल्या. मी सही करणार नाही म्हटलं, तर स्वतः गेल्या, अर्जदार म्हणून स्वतःचं नाव लावून आल्या. तीन जातींची रोपं दाखवली होती, त्यांनी सर्वांत झपाट्यानं वाढणारं निवडलं. ‘‘मला त्याची सावली बघायची आहे, मी काय शंभर वर्षं बसणार आहे का वाट बघत?’’ झपाट्यानं वाढणारं लाकूड ठिसूळ असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. पुढे रोपानं शेंड्याला दोन कोंब काढले, सारखेच, शेजारी शेजारी. नगरपालिकेचा निरीक्षक कात्री घेऊन आला, म्हणाला, एक आत्ताच काढू, नाहीतर पुढे दोन्ही एकमेकांना ढकलत बसतील. पेन्सिलीएवढी काडी होती ती. सासूबाई रोपाच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ‘‘माझ्या लेकाला हात लावायचा नाही,’’ म्हणाल्या. स्मृतिवृक्षाची छाटणी करायची तर अर्जदाराला विचारावं लागतं. त्यानं विचारलं, ह्या नाही म्हणाल्या, तो कात्री खिशात घालून गेला. आता त्या दोन काड्यांची दोन खोडं झाली आहेत, माझ्या मांडीपेक्षा जाड, त्यातलं एक थेट बाकावर झुकलेलं, आणि त्या बाकावर सासूबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतात. जेवायला घरी येतात, तेवढ्यापुरत्या.

दुसऱ्याच दिवशी मी निरीक्षकाला बोलावलं. तोच निरीक्षक, आता केस पिकलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सासूबाई त्याला हेल्मेटवाला म्हणतात, तेही त्याच्या तोंडावर. त्यानं लाकडी हातोडीनं खोडावर ठोकून पाहिलं, कान लावला, शिडीवर चढून बेचक्यात विजेरी मारली. ‘‘फट आहे,’’ म्हणाला. ‘‘पण फार खोल दिसत नाही. आतून भरलीय, माती बसली असावी. धोकादायक वर्गात नाही बसत हे. निरीक्षणाखाली टाकतो.’’ मी विचारलं, निरीक्षणाखाली म्हणजे काय, तुम्ही बघत राहणार आणि ते पडणार? तो कसलेला माणूस, चिडला नाही. ‘‘वहिनी, धोकादायक असतं तर आजच पाडलं असतं, कुणाला विचारलं नसतं. या वर्गात अर्जदाराचा होकार लागतो. होकार द्या, हे बाकाकडचं खोड काढतो, दुसरं सुखानं वाढेल.’’ मग बाक तरी हलवा, मी म्हटलं. बाक आमच्याकडे येत नाही, तो म्हणाला, बाकांचं खातं वेगळं. सासूबाई बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या आणि समोरच्या गवताकडे बघत होत्या. ‘‘आजी, काय म्हणता?’’ त्यानं विचारलं. ‘‘तू त्या वेळी पण असाच आला होतास,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा काय म्हटलं होतं मी?’’ शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला.

घरी आल्यावर आमचं वाजलं. मी बोलत सुटले, जे इतकी वर्षं बोलले नव्हते तेही बोलले, की तुम्हाला झाड पाहिजे होतं, मला नको होतं, तुम्ही माझ्या उरावर ते उभं केलंत आणि आता त्याच्याखाली जाऊन बसता. त्यांनी ऐकून घेतलं. मग तोंडात बोटं घातली, कवळी काढली, पाण्याच्या कपात टाकली आणि कप टेबलावर माझ्यासमोर ठेवला. ही त्यांची रीत आहे. बोलणं बंद करायचं असलं की त्या दात काढून ठेवतात, आणि त्या कवळ्या मीच केलेल्या असतात, त्यांच्या हिरड्या मला माझ्या तळहातापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यामुळे अपमान नीट लागतो. पूर्वी असं झालं की माझा नवरा तो कप उचलून म्हणायचा, ‘‘आईचं मत कपात आहे, उद्या सकाळी कळेल,’’ आणि आम्ही दोघीही हसायचो. आता कप तिथेच राहतो. माझं घरी आणलेलं काम त्याच टेबलावर चालतं, दिव्याखाली मेणाच्या गुलाबी पट्ट्या तापवायच्या, हिरडीचा आकार द्यायचा. त्या रात्री डबा उघडला तर पट्ट्या वाटल्या त्याहून कमी निघाल्या. कामावरच्या मालकांकडून कमी आल्या असतील म्हणून मी सोडून दिलं, डोक्यात दुसरंच चाललं होतं.

ते मग चालूच राहिलं. रस्त्यानं मान वर करून चालायची मला सवय आहेच, तो गेल्यावर पहिल्या काही वर्षांत तर मी झाडाखालून जावं लागू नये म्हणून वळसे घालून कामावर जायचे, पुढे ते कमी झालं. आता सगळं उलटून परत आलं. कुणी कडक पाव मोडला, कुणी खुर्ची ओढली, शेजाऱ्यांनी खिडकीचं दार लावलं, की मी आधी वर बघायचे. कामावर शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कारागीर पक्कडीनं साचा फोडायला लागला की मी आधीच डोळे मिटून बसायचे. ‘‘सांगून फोडू का आता?’’ तो म्हणायचा, चेष्टेनं, आणि नंतर खरंच सांगून फोडायला लागला. मी निरीक्षकाला फोन करत राहिले. सासूबाईंना म्हटलं दुसऱ्या बाकावर बसा, तर तिथे ऊन लागतं. म्हटलं मी घरात कोंडून ठेवीन, तर म्हणाल्या ठेव की, शेजारीपाजारी बघतील सून कशी आहे ते. रात्री त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येई आणि मला इतका राग येई की ही बाई झोपते कशी. मला वाटायचं, त्यांना ते पडायलाच हवं आहे. मुलाकडे जायची सोपी वाट शोधून बसल्या आहेत, आणि ती वाट माझ्या छातीवरून जाते याचं त्यांना काही नाही. एकदा हे मनात आलं ते मग पाठ सोडेना. मी त्यांना वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघेनाशी झाले.

वारा सुटला तो दुपारी. सकाळी तसं काहीच नव्हतं. मालक मोबाइल बघत म्हणाले, जोराचा वारा येणार असं सांगतायत, गाड्या झाडाखाली लावू नका म्हणे, आणि तेवढ्यात खिडकीच्या काचेवर धूळ आपटली. मी प्लास्टर कालवत होते. आमच्यात कालवलेलं प्लास्टर कुणी सोडून उठत नाही, बघता बघता वाटीत दगड होतं. मी वाटी ठेवली, एप्रन तसाच, आणि निघाले. मालक मागून काहीतरी म्हणाले. रस्त्यावर माणसं खांदे आवळून चालली होती, दुकानांच्या पाट्या वाजत होत्या, आणि मी पळत होते, या वयात, प्लास्टरचे हात घेऊन, आणि डोक्यात एकच, की या वेळी मला आवाजसुद्धा येणार नाही, मी पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल, कुणीतरी दंड धरून सांगेल की बघू नका. आणि मग घरी जाऊन मी काय करायचं? टेबलावरचा कप उचलून कुठे ठेवायचा? एवढी वर्षं माझ्याशी भांडायला तरी एक माणूस होतं.

बागेच्या फाटकाशी आले आणि लांबून दिसलं ते असं. सासूबाई बाकावरच होत्या. शाळा लवकर सोडली असावी, दोन लहान मुली दप्तरं घेऊन वाऱ्यापासून आडोसा शोधत बाकाकडे येत होत्या, मागून त्यांची आई बाळाची ढकलगाडी घेऊन. सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडात हात घातला, कवळी बाहेर काढली, ती हातात खडखड वाजवली आणि रिकामं तोंड वासून मुलींच्या अंगावर धावून गेल्या. मुली किंचाळत पळाल्या. बाईनं गाडी गर्रकन वळवली आणि जाताना त्यांना जे बोलली ते वाऱ्यातही मला ऐकू आलं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, शांतपणे परत आल्या आणि बाकाच्या बरोब्बर मधोमध बसल्या, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, म्हणजे दुसऱ्या कुणाला जागा राहू नये. बागेत येणारे लोक त्यांना खवट म्हातारी म्हणतात हे मला माहीत होतं. का म्हणतात हे कधी विचारलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी जायचे तेव्हा बाक नेहमी रिकामा असायचा, त्या एकट्याच असायच्या, आणि मला वाटायचं की त्यांना माणसं नकोशी झाली आहेत.

मी जवळ गेले, काखेत हात घालून त्यांना ओढत लांब गवतावर आणलं. त्या वयाच्या मानानं जड आहेत. तिथून वळून पाहिलं तर वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी दोन खोडं एकमेकांपासून किंचित दूर होत होती आणि पुन्हा मिटत होती, आणि उघडायची तेव्हा आत गुलाबी दिसायचं. मी आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. माझं मेण. हिरड्यांचा तो रंग मी झोपेतही ओळखीन. वरून माती चोपडलेली होती, ती वाऱ्यानं आणि हिसक्यानं निघाली होती. ‘‘तुम्ही भरलंत?’’ मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ‘‘कधीपासून?’’ दात हातात होते, बोलणं फुसफुसत होतं, पण मला त्यांचं बिनदाती बोलणं समजतं. ‘‘गेल्या वर्षी नख जायचं. आता बोट जातं. पाणी आत गेलं की कुजतं ना, म्हणून भरलं. तू कशी भरतेस बघितलंय मी.’’ मेणानं पाणी बाहेर राहत नाही, आत अडकून बसतं, हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही.

‘‘सगळं माहीत होतं, मग हो का म्हणत नाही?’’ मी ओरडले. वाऱ्यामुळे ओरडावंच लागत होतं. ‘‘मी हो म्हटलं की माझ्या हातानं जाईल तो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिल्यांदा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मलाच विचारतात.’’ मग म्हणाल्या, ‘‘पण दुसऱ्या कुणाच्या पोराच्या डोक्यात नको पडायला. म्हणून बसते. पडायचं तर माझ्यावर पडू दे. माझं काय राहिलंय.’’ आणि माझ्या आतलं काहीतरी सुटलंच. ‘‘तुमचं काही राहिलं नाही. माझं? मला कोण आहे? पुन्हा मलाच फोन येणार, पुन्हा मीच जाणार ओळख पटवायला. तुमच्या दातांवरून ओळखू का तुम्हाला? मी केलेत म्हणून?’’ हे मी खरंच बोलले. बोलून झाल्यावर रडायला लागले, एप्रनला डोळे पुसले तर प्लास्टर डोळ्यांत गेलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मग पदरानं कवळी पुसली, वळून तोंडात बसवली, दोनदा दात आवळून नीट केली. ‘‘लाव त्या हेल्मेटवाल्याला फोन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीच बोलते.’’

निरीक्षक आला, गुलाबी रंग बघून त्यानं हेल्मेट काढून डोकं खाजवलं, मग बाकाभोवती धोक्याची पट्टी बांधली. वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. सासूबाईंना घरी बसा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. दोरावर चढणारा माणूस कमरेला पट्टा आवळत होता, त्याच्यासमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या. ‘‘पाडणार की उतरवणार?’’ ‘‘उतरवणार, आजी. दोरानं. आधी बांधायचं, मग कापायचं.’’ ‘‘आपटायचं नाही.’’ ‘‘नाही आपटत.’’ मग त्या मुकाट्यानं पट्टीच्या बाहेर येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. करवत चालू झाली. भुसा उडत होता, ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि मला वाटत होतं हा आवाज असाच चालू राहिला तर बरं, कारण याच्या मागे दुसरा कुठलाच आवाज ऐकू येणार नाही. तेवढ्यात करवत बंद झाली. वरून तो माणूस खालच्याला म्हणाला, ‘‘थांब हं, एक मिनिट.’’

मी डोळे मिटले. हातात सासूबाईंचा दंड होता, तो मी इतका आवळला असणार की त्यांना दुखलं असेल, पण त्यांनी सोडवून घेतला नाही. मी पुन्हा ओट्याला टेकून उभी होते. समोर भिंतीवर टाइल्स होत्या, एकीचा कोपरा उडालेला होता, नळ थेंबथेंब गळत होता आणि फोन कानाला होता. सगळं अंग कान झालं होतं. आता येईल, आता येईल. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढी वाट कशाचीच बघितली नसेल. थांब म्हणाला म्हणून मी थांबले होते, किती वर्षं, कोण मोजतं. ‘‘उघड डोळे,’’ सासूबाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ‘‘अगं उघड. झालं.’’

खोड हवेत होतं. सगळ्या पानांसकट, उभंच्या उभं, दोराला लटकून हळूहळू स्वतःभोवती फिरत खाली येत होतं. खालचा माणूस दोर थोडा थोडा सोडत होता, आणि ते टेकायला आलं तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढे करून ते घेतलं आणि गवतावर आडवं केलं. मी म्हटलं, ‘‘आवाजच नाही आला.’’ ‘‘नाही आला,’’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘त्या दिवशी आला होता?’’ मी फोनवर होते हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. ‘‘आला होता.’’ ‘‘मोठा होता का गं?’’ ‘‘नाही, आई. छोटासा होता.’’ त्यांनी मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिल्या. मग धोक्याची पट्टी वर उचलून तिच्याखालून आत गेल्या. त्या खाली वाकल्या आणि गवतावरच्या खोडाच्या कापलेल्या टोकाला चिकटलेलं मेण अंगठ्यानं खरवडून काढायला लागल्या, सगळं निघेपर्यंत. त्याची गोळी केली, परत आल्या आणि ती माझ्या हातावर ठेवली.

‘‘हे तुझं,’’ म्हणाल्या. ‘‘डब्यात टाक.’’